शेंदराखालचं लोखंड

रत्ना काय काम करते हे तिच्या माहेरी कुणालाच नीट उमगलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा तिनं आईला सोपं करून सांगितलं होतं, की दवाखान्यात माणसाची सोनोग्राफी होते ना, तशी मी लोखंडाची करते. आईनं, म्हणजे प्रमिलाबाईंनी, त्यातलं लोखंड तेवढं वगळून बाकी सगळं गावभर सांगितलं. पुढच्या खेपेला रत्ना गावी गेली, तर ओट्यावर बाया वाट बघत बसलेल्या. एक तर रिपोर्टची पिशवीच घेऊन आली होती. दोंडाईच्याच्या डॉक्टरनं सांगितलं ते खरं की खोटं, हे तिला रत्नाकडून ताडून घ्यायचं होतं.

रत्नाचं माहेर दोंडाईच्याजवळचं, सासर जळगावचं. धुळ्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती जळगावच्या एका टेस्टिंग एजन्सीत लागली. काम असं, की कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात सोडायचा. तो आवाज आरपार जातो, पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो आणि हातातल्या यंत्राच्या पडद्यावर टोकदार शिखर उमटवतो. आत कुठे चीर असेल तर आवाज तिथूनच माघारी फिरतो आणि शिखर अलीकडे दिसतं. एवढ्या जाडजूड पोलादातून सहज जाणाऱ्या या आवाजाला हवा मात्र ओलांडता येत नाही. आवाज सोडणारा सुपारीएवढा प्रोब आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी सगळा आवाज जागच्या जागी परततो. म्हणून आधी लोखंड घासून उघडं करायचं, त्यावर तेल लावायचं आणि मग प्रोब टेकवायचा. नवरा दीपक तिला चिडवायचा, की आमच्या घरात फोडणीपेक्षा लोखंडाला जास्त तेल लागतं.

या नोकरीनं तिचं एकच हिरावलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळीला माहेरी गेली नाही तरी खानदेशातली लेक सहन करते, पण आखाजीला गेली नाही तर तिला वर्ष गेल्यासारखं वाटतच नाही. निंबाला झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते, सासरी खाली मान घालून वावरणाऱ्या बाया माहेरच्या गल्लीत मोठ्यानं हसत फिरतात. आणि नेमक्या याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊस पिळणारे चरख उघडलेले असतात. त्यांचे शाफ्ट तपासायचे ते तेव्हाच. लग्न झाल्यापासून रत्नाची प्रत्येक आखाजी कुठल्या ना कुठल्या कारखान्यात गेली. शेजारणीच्या पोरींची गाणी फोनवरून ऐकायची आणि पुढल्या वर्षी नक्की, असं म्हणायचं.

यंदा मात्र पुढलं वर्ष नव्हतं. भाऊ योगेंद्र सुरतला स्थायिक झाला होता. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी तो आई-आबांना घेऊन जाणार होता आणि घराला कुलूप लागणार होतं. आईनं फोनवर एवढंच म्हटलं, "यंदा तरी ये व माय. पुढला साले आठे कोन शे?"

रत्नानं हिशेब नीट बसवला होता. तापीकाठच्या एका खासगी कारखान्यातलं काम आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी संपवायचं आणि तिथूनच दोंडाईच्याची बस धरायची. कपड्यांची पिशवी यंत्राच्या पेटीशेजारी ठेवूनच ती कामाला लागली. एकेक शाफ्ट होत गेला. शेवटी पहिल्या चरखाचा वरचा शाफ्ट राहिला. त्याच्या तोंडावर, म्हणजे उघड्या टोकावर, बोटभर जाडीचा शेंदूर होता.

उखर्डू नाना त्या चरखाचे जुने मिस्त्री. बऱ्याच वर्षांपूर्वी या चरखात एका माणसाचा हात गेला होता. तेव्हापासून दर हंगामाच्या सुरुवातीला नाना शाफ्टच्या तोंडावर तेल-शेंदूर चढवत आले होते. त्यानंतर चरखानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता. रत्नानं शेंदरावरूनच प्रोब टेकवून पाहिला. पडद्यावर शिखर उमटलंच नाही, नुसती सपाट रेघ. थर एकमेकांपासून सुटले होते आणि मधल्या फटींतली हवा आवाजाला पुढे जाऊ देत नव्हती. दुसऱ्या टोकाला दातेरी चाक दाबून बसवलेलं. तिकडून वाट नव्हती.

तिनं शेंदूर काढायला सांगितलं तेव्हा आजूबाजूचे फिटर हळूच पांगले. नाना मात्र तिथेच उभे राहिले.

"तुमना मशीनले एवढासा शेंदूर पार होत नही, मंग अख्खं लोखंड कसं पार होस?" त्यांनी विचारलं.

रत्नानं हवेचं सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटनं. पण छिन्नी लावू देवाव नही. देवना शेंदूर खरडतस का कोनी?"

मग कसा काढायचा, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. तेल मुरवून, हातानं, चांगला मुहूर्त बघून, आणि निघालेला शेंदूर तापीत सोडायचा. मुहूर्त उद्याचाच होता. आखाजीसारखा दिवस नाही, पंचांग बघायचीही गरज नाही.

कारखान्याचे इंजिनिअर शालिग्राम महाजन समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. या टोकाला पोचता आलं नाही, असं लिहून मोकळ्या व्हा, म्हणाले. एक शाफ्ट पुढच्या वर्षी बघता येईल. त्यात खोटंही काही नव्हतं. बस सुटायला वेळ होता. रत्नानं पेटी आवरली, पिशवी खांद्याला लावली. नाना तेवढ्यात शाफ्टवरची धूळ आपल्या उपरण्यानं पुसत होते. हंगामात तुम्ही कुठे उभे असता, असं तिनं सहज विचारलं. नानांनी चरखाच्या अगदी अंगाजवळची जागा दाखवली.

तिनं पिशवी खाली ठेवली. आईला फोन केला, उद्या संध्याकाळपर्यंत येते म्हणाली.  आईच्या मागून झोक्यावरच्या पोरींचा कालवा ऐकू येत होता.

रात्रभर मुरलेल्या तेलानं शेंदूर सकाळी मऊ झाला होता. नानांनी हात जोडले आणि कडेनं अंगठा घातला. मग थांबून रत्नाला म्हणाले, "तू बी हात लाव, बेटी. आज लेकी माहेरले ऱ्हातस. तू मन्हामुळे आठे शे." दोघांनी मिळून थरामागून थर सोडवला. नानांच्या घरून तिच्यासाठी सांजोऱ्या आल्या होत्या. चव आईच्या हातासारखी नव्हती, आणि त्यानंच तिला जास्त आठवण झाली. उघडं पडलेलं लोखंड निळसर, नव्यासारखं होतं. तिनं प्रोब टेकवला. दूरच्या टोकाचं शिखर जिथे हवं तिथे उभं राहिलं. मधे काही नव्हतं. दुसऱ्या प्रोबनं, तिरका आवाज सोडून, तिनं शाफ्टच्या खांद्याची, म्हणजे जिथे त्याची जाडी बदलते ती जागा पुन्हा पुन्हा तपासली. शाफ्ट निर्दोष होता.

ती गावात पोचली तेव्हा दिवस मावळत आला होता. गौराई नदीला पोचवून बाया परतल्या होत्या, निंबाखाली पोरं झोक्याचे दोर सोडत होती. घरात भांडी पोत्यांत बांधून झालेली. आईनं तिच्यासाठी एक ताट तेवढं बाहेर ठेवलं होतं. जेवता जेवता आईनं विचारलं, "काय सापडनं मंग?"

"काही नही."

"काही नही? त्यानाकरता थांबनी तू?"

"काही नही हाई देखाकरताच थांबनं पडस, माय."

 आईनं आमरसाची वाटी पुढे सरकवली आणि रत्नाच्या हाताच्या नखांत अडकलेला शेंदूर पाहून, हे काय, असंही विचारलं नाही. त्या रात्री दोघी एकाच गोधडीवर निजल्या. कोण कोण लेकी आल्या होत्या, कुणी कुणाला झोक्यावरून पाडलं, आई सगळं सांगत राहिली. रत्ना हुंकार देत राहिली. ऐकून ते आपलं होत नव्हतं, तरी ती ऐकत होती.

सकाळी टेम्पो आला. आबा आधीच पुढे जाऊन बसले. योगेंद्र कुलूप हातात घेऊन उभा होता, तेव्हा आई पुन्हा आत गेली आणि पोत्यातून काढलेले गहू, नारळ, खण घेऊन उंबऱ्यावर आली. माहेराहून निघणाऱ्या लेकीची ओटी आई भरते. आज निघणारी आईच होती, पण तिच्या हाताला दुसरी रीत माहीत नव्हती. रत्नानं ओढणी पसरली. आईनं ओंजळीनं गहू घातले, कपाळाला कुंकू लावलं आणि दर खेपेला म्हणायची तेच म्हणाली, "नीट जाय. घर पोचनी की फोन कर."

टेम्पो निघाला. वळणावर आईनं हात बाहेर काढला की पदर सावरला, ते धुळीत नीट दिसलं नाही. जळगावच्या बसला अजून बराच वेळ होता. ओटीतले गहू सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी ओढणी धरून रत्ना कुलूप लावलेल्या दाराशी बसून राहिली.