जड बाणाचं उत्तर

मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. गतिज ऊर्जेचा पाठ चालू होता, म्हणून शाळेच्या शिपायाला धनुष्य-बाण घेऊन वर्गात बोलावलं. तो सातपुड्याच्या पायथ्याचा. त्याचे वडील पूर्वी पिकात शिरणाऱ्या रानडुकरांवर बाण चालवत. सगळी शाळा त्याला मामा म्हणायची. त्याने दोन बाण आणले, एक बोरूचा हलका, दुसरा भरीव बांबूचा. टोकं सारखीच.

“खोल कोणता घुसेल?” मी मुलांना विचारलं. उत्तर मामाने दिलं. “जड बान, सर. हलका भिरभिर जाते, पन डुकराच्या कातड्यातच अटकते.”

मी फळ्यावर सूत्र लिहिलं: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. “मामा, वर्ग वेगाचा होतो, वजनाचा नाही. हलकाच जिंकणार. तुम्ही घंटा द्या, गणित माझ्यावर सोडा.”

वर्ग हसला. मामा बाण गुंडाळून निघून गेला. पुढे कित्येक वर्षं पोरं त्याच्या मागे ‘जड बाण आला रे’ म्हणत राहिली.

त्याच आठवड्यात मला माझी चूक सापडली. सूत्र बरोबर होतं, मी ते लावलं चुकीचं. धनुष्य तेवढंच ओढलं तर त्यात साठणारी ऊर्जाही तेवढीच. हलका बाण झटकन सुटतो, पण त्या ऊर्जेचा बराच भाग धनुष्याच्या थरथरण्यात जातो. जड बाण सावकाश सुटतो आणि जास्त ऊर्जा घेऊन जातो. हे वर्गात सांगायला पाच मिनिटं लागली असती. शिपायापुढे हरलो हे मुलांना कळू नये, म्हणून मी गप्प बसलो.

यंदा त्याच तुकडीचा मेळावा मलकापूरला ठरला. आधी मी मामाच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

“मले त तवाच माईत होतं,” तो म्हणाला. “तुमाले कवा कळलं?”

“त्याच आठवड्यात.”

तो उठला. मग आत जाऊन धनुष्य घेऊन आला.

मेळाव्यात सत्काराची शाल अंगावर असतानाच मी माइक घेतला आणि सगळ्यांना मैदानात नेलं. वाळूचं पोतं उभं केलं. मामाने दोन्ही बाण सारख्याच अंतरावरून, सारखेच ओढून सोडले. मोबाइलवर चित्रण संथ करून पाहिलं, तर हलका बाण कमी वेळात पोहोचला होता.

“मामा, हरले न तुम्ही,” मागून एकजण म्हणाला.

“आधी उपसून त पाह्य,” मामा म्हणाला.

हलका चार बोटं रुतला होता. जड वीतभर, आणि तो उपसायला दोघं लागले. तेव्हा मी माइकवर सांगितलं की त्या दिवशी मामा बरोबर होता, मी चुकलो होतो, आणि कळूनही लपवलं होतं. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या मामासाठी होत्या.

आता बँकेत साहेब असलेला एकजण पुढे आला. “मामा, मी तुमाले लई चिडवलं.”

“चिडवलं त चिडवलं. पोतं सरळ कर.”

जेवण थंड झालं तरी बाण मारून पाहणाऱ्यांची रांग हटेना. शेवटी मामाने धनुष्य माझ्या हातात दिलं. “वढा, सर. खांदा खाली.”

पहिला बाण पोत्याच्या बाजूने गेला. दुसरा लागला. मापायला मामा स्वतः वाकला.

“तीन बोटं,” तो म्हणाला. “पास.”