भाग्यलक्ष्मीचं म्हणणं

प्रज्ञा सहा वर्षं आदिलाबादमधल्या बालगृहातल्या मुलांच्या वतीने बोलत होती. बाल कल्याण समितीचं काम तेलुगूत चाले आणि सीमेवरच्या गावांतली मुलं मराठीत बोलत. मूल सांगेल ते प्रज्ञा तेलुगूत मांडायची. मुलांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका, म्हणून ती समितीशी भांडलीही होती.

मंगळवारी समितीपुढे अकरा वर्षांच्या भाग्यलक्ष्मीची सुनावणी होती. आईबाप नसलेल्या या पोरीला न्यायला तिचा मामा आला होता.

"मामी लय बोलते," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

प्रज्ञाने तेलुगूत सांगितलं, "मामी त्रास देते. हिला इथंच राहायचंय." अध्यक्षांनी लिहायला पेन उचललं.

"ताई, म्या असं कुठं म्हणलं?"

प्रज्ञा चमकली. दोन वर्षं तेलुगू शाळेत जाणाऱ्या पोरीला हे कळत असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मग काय म्हणायचंय तुला?"

"मामी बोलते. पण माहा भाऊ तिथं हाय. त्याच्याबिगर मले करमत नाई. तुमीच काऊन ठरवता?"



"काय म्हणते ती?" अध्यक्षांनी विचारलं.

आजवर किती मुलांच्या तोंडी आपले शब्द घातले, प्रज्ञाला आठवेना. त्यात त्यांचं भलं झालं की वाईट, तेही कळेना.

"तिलाच विचारा," म्हणत ती उठली आणि तिने आपली खुर्ची भाग्यलक्ष्मीकडे सरकवली.

भाग्यलक्ष्मी बसली नाही. उभ्यानंच, अडखळत, ती तेलुगूत बोलू लागली.