पोत्राबाबाच्या अकरा ओळी

फ्रान्समधल्या आमच्या शाब्ली गावात मळ्यांना कुंपण नाही. एकाच उतारावर माझ्या द्राक्षवेलींच्या आठ ओळी, त्यांना लागून पोत्राबाबाच्या अकरा, पलीकडे आणखी कुणाच्या. कुठली ओळ कुणाची हे ज्याच्या त्याच्या डोक्यात असतं. त्यामुळे जानेवारीतल्या त्या सकाळी कात्री घेऊन धुक्यात वर गेले आणि माझ्या चार ओळी छाटून झालेल्या दिसल्या, तेव्हा माझं डोकंच चालेना. दुसऱ्याच्या वेली कुणी फुकट छाटतं का? दोनदा खालच्या टोकापर्यंत जाऊन मोजून आले. माझ्याच होत्या.

मग काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजले. आम्ही सगळे पाच ठेवतो, इथं सहा होते. वसंतातल्या गारठ्यानं एखादा मेला तर हाताशी असावा म्हणून सहावा राखणारा गावात एकच माणूस, आन्सेल्म पोत्रा. वय ब्याऐंशी. मला कात्री धरायला त्यानंच शिकवलं, आणि बोट कापलं तेव्हा शिव्याही त्यानंच घातल्या.

म्हणजे बाबा पुन्हा चुकला होता. डिसेंबरात वाइन चाखायला आलेल्या चार बेल्जियन पाहुण्यांना घेऊन बाबा आपलंच समजून शेजाऱ्याच्या तळघरात शिरला होता. शेजाऱ्याच्याच पिंपातली पांढरी वाइन स्वतःची म्हणून पाजत तासभर मिरवला. शेजारी दारात येऊन उभा, तर बाबा त्यालाच विचारतोय, तुम्हालाही थोडी देऊ का? गाव पोट धरून हसलं. त्याची मुलगी गिस्लेन हसली नाही. ती जवळच्या ओसेर शहरातून आली आणि आणखी एक घोटाळा झाला की वृद्धाश्रमात नेईन, असं सांगून गेली. मला तिचा राग आला, आणि तिचं पटलंही. उतारावरून उतरवला तर हा माणूस जगणार कसा, हेही मला कळेना.

त्या रविवारी गिस्लेन बापाला घेऊन मळ्यात आली. मी तिथंच होते. तुझं अर्धं उरकलं वाटतं, तिनं सहज विचारलं. हो, मीच छाटल्या, मी म्हटलं. तिला काड्यांतलं काही कळत नाही, म्हणून जीव भांड्यात पडला.

बाबा मात्र वाकला. एक काडी बोटांत धरून त्यानं नीट पाहिली.

"खोटं बोलतेस, ओदील. तू घाबरत घाबरत कापतेस. हा हात माझा आहे."

मी खुणावत होते, पण तो कसला ऐकतोय. आयुष्यभराचा ताठा, आपलं काम दुसऱ्याच्या नावावर कसं जाऊ देईल? गिस्लेन त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याचाच चेहरा उतरला.

"पण या तर हिच्या ओळी," तो हळूच म्हणाला. "माझ्या कुठं आहेत?"

मी बोट दाखवलं. अकराही तशाच झिपऱ्या सोडून उभ्या होत्या. तो पहिल्या वेलीपाशी गेला, कात्री उघडली आणि तशीच धरून थांबला. मला रडू आलं.

गिस्लेन त्याच्याजवळ गेली. "बाबा, उद्या निघू या. सामान मी भरते."

"छाटणी अशीच टाकून? एवढं होऊ दे. मग ने कुठं न्यायचं तिथं."

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, किती दिवस लागतील? अकरा ओळींना चार दिवस पुरतात, आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

"मार्च उजाडेल," मी म्हटलं.

बरं, मार्चपर्यंत, असं म्हणून ती गाडीकडे गेली. माझं खोटं पकडणारा माणूस समोरच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. त्याला कळलं नाही, की कळूनही तो गप्प बसला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.