कोंबडा न पाहिलेली अंडी

बारावं अंडं फोडलं. त्यातही नुसता बलक. अडीच दिवस इन्क्युबेटरमध्ये ऊब दिलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचं लाल जाळं दिसायला हवं होतं.

प्रिन्सिपॉल दारात उभे होते. "मॅडम, रिसर्च पुण्यात होतो. इथं सिलॅबस शिकवा. ही खोली मला स्टेशनरीसाठी हवी आहे."

"पंधरा दिवसांनी बोलू, सर," मी म्हणाले. विनंती नव्हती ती.

माझ्या पीएचडीच्या पुण्याच्या गाइडनी थर्मासात बर्फ घालून दिलेलं ग्रोथ फॅक्टर मी सकाळीच वितळवलं होतं. गर्भातल्या पेशी एकमेकींना प्रोटीनच्या रूपात निरोप धाडतात: इथे पंख, इथे पाय. त्यातलाच हा एक निरोप, बाटलीत भरलेला. तो इवल्याशा मण्यात मुरवायचा, कवचाला खिडकी पाडायची आणि मणी गर्भाच्या कुशीत, पंख आणि पाय यांच्या मधल्या जागी, ठेवायचा. निरोप पोचला तर तिथे जादा पाय उगवतो. वितळलेलं प्रोटीन फ्रीजमध्ये जेमतेम आठवडाभर टिकणार होतं. दुसरी बाटली मिळणार नव्हती.

संध्याकाळी बाजारात गावठी अंडी विकणाऱ्या हौसाबाईंना सगळं सांगितलं.

"कुठली अंडी घेतल्ती?"

"पोल्ट्रीची."

"त्या कोंबड्यांनी कोंबडा तरी बघितलाय का, बाई? कोंबड्याबिगर जीव कुठनं यायचा?"

मी झूऑलॉजीची लेक्चरर. हेच वर्गात शिकवते. लाज वाटली आणि हसूही आलं.

"माझ्याकडं कोंबडा हाय. ही न्या. पर तीन पायांचं पिल्लू कुनाला पायजे?"

"मला," मी म्हणाले.

अडीच दिवसांनी खिडक्या पाडल्या. जाळं होतं, मधोमध ठिपक्याएवढं हृदय उडत होतं. मणी ठेवले, वर सेलोटेप लावली. बरेचसे गर्भ मेले. पण आठवड्यानंतर दोघांच्या कुशीत तिसरा पाय होता, बोटांसकट.

प्रिन्सिपॉल मायक्रोस्कोपला बराच वेळ डोळा लावून राहिले. "हे इथं झालं?"

"इथंच, सर."

खोली राहिली.

रिसर्च पेपरमध्ये अंडी कुठून आणली ते लिहायचं असतं, नाव आणि गाव. मी लिहिलं: हौसाबाई, नेवासे बाजार. गाइडचा फोन आला. "हे काय? 'लोकल सप्लायर' लिहा."

"प्रोटीनच्या कंपनीचं नाव तुम्ही खोडलं नाहीत, सर."

पेपर छापून आला, नावासकट. जर्नलनं काही खुसपट काढलं नाही. धडा एवढाच: अंडी घेताना आधी कोंबड्याची चौकशी करावी.