कंडक्टर काकूंची चौकशी

औंध–सातारा गाडीत कंडक्टर काकू एका दमात दोन प्रश्न विचारायच्या, "कुठं जायचं? अन् शिकतीस काय?" अंगात खाकी कोट, केसांत अबोलीचा गजरा आणि आवाज असा, की शेवटच्या बाकावर पेंगणारासुद्धा आपलं शिक्षण सांगून टाकायचा.

कॉलेजच्या पोरांची वर्षानुवर्षं ने-आण करून त्यांना आमच्या भागातलं कॉम्प्युटरचं प्रत्येक कॉलेज ठाऊक झालं होतं. बी.एस्सी.ला किती लागतात, बी.सी.ए.ला किती, इंजिनिअरिंगला होस्टेल धरून किती, सगळं तोंडपाठ. पण त्या तेवढ्यावर थांबत नसत. "फी तर दारावरचा शिपाईबी सांगतो," त्या म्हणायच्या. "भाईर पडलेली पोरं हायत कुठं, ते इचारावं." ते त्यांना कळायचंच. सणावाराला गावी येणारी पोरं त्यांच्याच गाडीत बसायची.

बारावीनंतर मला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला नाही. पप्पा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीतल्या एका मित्राचा मुलगा पुण्याकडच्या महागड्या खासगी कॉलेजात होता, म्हणून मलाही तिथंच घालायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी विहिरीजवळचा उसाचा तुकडा विकायची तयारी केली. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की त्या कॉलेजची माणसं माहिती द्यायला साताऱ्यात कधी येणार आहेत.

त्या दिवशी मी नि पप्पा कार्यक्रमाच्या हॉलवर गेलो, तर काकूही ड्यूटी संपवून गणवेशातच आल्या. मंचावरचे सर शंभर टक्के नोकरीची खात्री देत होते. मागं हसऱ्या मुलांच्या फोटोंचा मोठा फलक होता. काकूंनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"सर, ह्यो आता कुठं हाय?"

"पुण्यात, मोठ्या कंपनीत."

"व्हता. तीन म्हैन्यांत काढला. आता लोणंदला कांद्याच्या आडतीवर कामाला हाय. मागल्या साली मी लोणंद गाडीला हुते, रोज भेटायचा."

हॉलमध्ये हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. शेजारच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "ही पोरगी मातुर खरंच नोकरीला हाय, लय हुशार. पर अशा वर्साला किती निघत्यात, तेवढं सांगा." सरांनी घाईघाईनं माहितीपत्रकं वाटायला घेतली.

स्टँडवर त्या पप्पांना म्हणाल्या, "आवं फौजी, हिला साताऱ्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर करू द्या. तिथल्या बाई जीव लावून शिकवत्यात. फुडं एम.सी.ए.ला चांगल्या कॉलेजात घाला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी चुकले म्हना. पर वावर जाग्यावर ऱ्हाईल."

पप्पांना ते पटायला आठवडा लागला.

मी साताऱ्यात बी.एस्सी. केलं, सांगलीत एम.सी.ए. केलं. पण नोकरी लगेच मिळाली नाही. आठ महिने नुसते अर्ज करत होते. त्या दिवसांत काकूंना तोंड दाखवायला नको म्हणून मी त्यांची गाडी सोडून मागच्या गाडीनं जायचे. एकदा सापडलेच. तिकीट देऊन त्या माझ्या शेजारी बसल्या. "मला टाळतीस व्हय? अगं, वर्स वर्स थांबलेल्या पोरी मला ठावं हायत. त्याबी लागल्याच की कामाला." त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी घरी पोटभर जेवले.

नोकरीचं पत्र आलं, तेव्हा पप्पांच्या आधी काकूंना फोन केला. त्यांनी चालत्या गाडीत सगळ्यांना सांगून टाकलं, पगारासकट. संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी दोन स्थळं आली.

गेल्या वर्षी काकू निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या फेरीला मी पुण्याहून रजा काढून आले. निम्मी गाडी त्यांच्याच पोरांनी भरलेली, पेढे नि हार घेऊन. कोरेगाव सोडल्यावर एका मुलीनं विचारलं, "काकू, बी.सी.ए. घेऊ का बी.एस्सी.?"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं आणि मग थांबल्या. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ह्या ताईला इचार. खरं सांगंल ती."

मी सरकून जागा केली. औंध येईपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो. तिकिटं संपवून काकू पुढच्या खिडकीशी बसल्या होत्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, निवांत, बाहेरचं शिवार बघत होत्या.