काळ्या पाठीचा फ्लेक्स

फ्लेक्सवर ऑइल पेंट धरत नाही. हे मला माहीत होतं. तरी बायकोच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिडी, डबा आणि ब्रश घेऊन चौकात गेलो. का गेलो ते सांगतो, पण आधी समोरच्या दुकानदाराचं सांगावं लागेल. त्याचं नाव घेत नाही. इतकी वर्षं एखाद्यावर जळल्यावर त्याच्या नावाची गरज उरत नाही.

मी बोर्ड रंगवणारा. शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाचायच्या आधी काढायला शिकलो. कोथरूडात तेव्हा सोसायट्या उठत होत्या, प्रत्येक सोसायटीखाली एक क्लास, त्यातले निम्मे कॉम्प्युटरचे. कायमची पाटी पत्र्यावर, प्रवेशाच्या दिवसांतला बॅनर कापडावर. पत्रा मी निवडायचो, कापड बायको. कापडाच्या दुकानात मांजरपाटाचं टोक जिभेवर ओलं करून ती बोटांत चुरडायची. पांढरी खळ सुटली की तागा परत. "खळ गेली की याची चाळण होईल," असं दुकानदाराच्या तोंडावर सांगायची. घरी आणून कडा दुहेरी दुमडायची, आत सुतळी घालून शिवायची, म्हणजे ताण कापडावर न येता सुतळीवर येतो. मधे अर्धचंद्रासारखी भोकं ठेवायला लावायची. म्हणायची, वाऱ्याला वाट ठेवा, नाहीतर तो स्वतःची करून घेतो.

मग तो आला. विदर्भातला. समोरच्या गाळ्यात त्याने फ्लेक्सचं मशीन टाकलं. मी दोन-चार दिवस बसून जे काढायचो ते त्याच्याकडे चहा संपेपर्यंत बाहेर पडायचं, वर फोटोसकट. गिऱ्हाईक तिकडे गेलं. जाऊ दे. सगळं गाव कॉम्प्युटरवर चाललेलं, त्यात ब्रश किती दिवस पुरणार, एवढं चौथीवाल्यालाही कळत होतं.

पण त्याचे फ्लेक्स फाटायला लागले. कोपऱ्यांतल्या पितळी रिंगा वाऱ्याने उपटून यायच्या. एक दिवस तो रस्ता ओलांडून आला, मला नमस्कार केला आणि तिला म्हणाला, "वहिनी, तुमचे बॅनर कसे नाही फाटत जी? माझे रोल जरा हात लावून पाहा नं."

ती गेली. मागून मीही गेलो, तुला प्लास्टिकमधलं काय कळतं म्हणालो. तिने एका रोलचं टोक नखाने सोललं आणि आतले दोरे माझ्यापुढे धरले. "कापडच आहे की. वरून प्लास्टिक पाजलंय."

मग तिने एकेक तुकडा उन्हासमोर धरून पाहिला. पातळ माल होता त्यातून सूर्य आरपार यायचा, म्हणजे पुढची अक्षरं विटल्यासारखी दिसणार आणि मागून उलटी वाचता येणार. पाठीला काळा थर असलेला जाड फ्लेक्स तिला पसंत पडला. ऊन पाठीमागून येतं तिथे हाच लावा, नुसत्या रिंगांवर टांगू नका, कड दुमडून आत दोरी घ्या, असं सगळं त्याला सांगून टाकलं. वाऱ्याच्या भोकांचंही. माझ्या दुकानात जे काही चांगलं होतं ते रस्त्यापलीकडे गेलं, आणि तेही हसत.

त्याचे फ्लेक्स फाटायचे थांबले. ती जायची थांबली नाही. नवा माल आला की "वहिनी" अशी हाक यायची आणि ही हातातली शिवण ठेवून निघायची. थोड्या वेळाने तिकडून तिचं हसणं ऐकू यायचं. घरी हसत नव्हती असं नाही, पण रस्ता ओलांडून ऐकू जाईल असं नाही. मी म्हणायचो, "जा, आपली वाट बघतायत. रोल रुसला असेल."

"जळू नका हो," ती म्हणायची. "टर्पेंटाइनमध्ये हात घालणाऱ्या माणसाने जळू नये. पेट घ्याल."

मग ती गेली. आजाराचं लिहायचं नाही. घरात तिचं शिलाई मशीन उरलं आणि मी उरलो. दोघंही बंद.

तिचं नाव मला पत्र्यावर लिहायचं होतं, माझ्या हाताने. पत्रा घासून, प्रायमर मारून वाळत ठेवला होता. तेवढ्यात दहाव्याच्या संध्याकाळी त्याने चौकात फ्लेक्स लावला. मला विचारलं नाही. सकाळी बघतो तर ही एवढी मोठी, दात दिसेपर्यंत हसत. असा फोटो माझ्याकडे एकही नाही. खाली लिहिलेलं: कै. श्रीमती, आणि तिचं नाव.

नवरा असताना गेलेली बाई कै. सौ. असते. श्रीमती म्हणजे नवरा आधीच गेलेला. पेपरवाला तिथेच उभा होता. म्हणाला, "काका, बोर्डाप्रमाणे आपण काकूंच्या आधी गेलात. पेपर बंद करू का?"

म्हणून शिडी. 'श्रीमती'वर पांढरा मारला, उन्हात वाळू दिला, वर 'सौ.' काढायला ब्रश टेकवला तर पांढरा सालीसारखा सुटून आला. खाली श्रीमती जशीच्या तशी.

तो धावत आला आणि शिडी धरून उभा राहिला. ऑपरेटरने कुण्या आजींची जुनी फाइल उघडली, नाव आणि फोटो बदलला, तेवढं राहून गेलं, म्हणाला. लगेच दुसरा छापतो. "चुकलं जी दादा."

"फोटो कुठला?" मी वरूनच विचारलं.

"मशीनच्या पूजेचा. तुम्ही नव्हते आले जी. वहिनी आल्या होत्या."

माझा हात फ्लेक्सच्या कडेला होता. कड दुहेरी दुमडलेली, आत दोरी. मागे वाकून पाहिलं, पाठ काळी. तिच्या पसंतीचा माल, तिच्या रीतीची कड. माझा पत्रा मी निवडलेला होता, तिने त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. मेल्याने इथेही बाजी मारली.

दुसरा छापू नको म्हणालो. घरी जाऊन तिच्या पेटीतून मांजरपाटाचा एक तुकडा काढला, कड शिवून ठेवलेला. त्यावर 'सौ.' लिहिलं. कापड रंग पितं, सोडत नाही. वाळल्यावर दाभणाने तो 'श्रीमती'वर शिवला. टाके वाकडे आले. तिने उसवायला लावले असते.

तेराव्यानंतर फ्लेक्स उतरवला. जुने फ्लेक्स कुठे जातात ते मला माहीत आहे, कुणाच्या गळक्या छपरावर, कुणाच्या स्कूटरवर. तो म्हणाला, मी दुकानात लावतो, वहिनींनीच मला माल ओळखायला शिकवलं.

"बायको माझी होती," मी म्हणालो.

"हो जी," म्हणाला, आणि फ्लेक्स गुंडाळायला लागला. छपाई आत ठेवून गुंडाळलं तर रंगाला चिरा पडतात, म्हणून तोंड बाहेर ठेवायचं असतं. शेवटच्या वेढ्यावर तिचं हसणं आलं, नेमकं त्याच्या बाजूला. मी गुंडाळी फिरवली, तोंड माझ्याकडे केलं, छातीशी धरली आणि घरी आलो.