काळ्या मातीवरचा चेंडू

काल अंगणात कोबा केला. पाणी मारताच ओल्या सिमेंटचा वास आला आणि जून १९६१ मधली अमरावतीच्या कॉलेजातली बास्केटबॉलची निवड आठवली. अकोल्याच्या हायस्कुलातून आम्ही दोघेच गेलो होतो. सहा फूट दोन इंचांचा मी सेंटर आणि मला चेंडू पुरवणारा नामदेव. निवड झाली तर फी माफ होती, नाहीतर शिक्षण तिथेच संपणार होते.

आमचे मैदान काळ्या मातीचे, भेगाळलेले. चेंडू आपटला की उसळत नसे, म्हणून आम्ही तो वरच्यावर झेलूनच खेळायचो. कॉलेजच्या सिमेंटवरही नामदेवने नेमके माझ्या डोक्याच्या वर चेंडू फेकले आणि मी ते जाळीत टाकले. निवड करणारे सर खूश झाले. मग त्यांनी नामदेवला चेंडू आपटत पळायला लावले. चेंडू तीनदा निसटला.

“काहून रे, कधी आपटला नाही?” सरांनी विचारले.

“आमच्या इथं आपटला तर वापस येत नाई, सर.”

सगळे हसले. मीही हसलो. माझी प्रत्येक बास्केट त्याच्या हातून आली होती, हे मी सरांना सांगितले नाही. निवड माझी एकट्याची झाली.

“तुले आता पास कोन देईन बे?” स्टँडवर तो म्हणाला. मला तेव्हा काहीच वाटले नाही. आजही काय वाटते ते नीट सांगता येत नाही. त्याच्या अकोल्याच्या तिकिटाचे अडीच रुपये मी कंडक्टरला दिले.